नैसर्गिक अधिवास

पापाच्या तिकटीला माझं दुकान.
सगळं फ्लेक्सवर गेलं आता, तरी पत्र्याची पाटी
अजून कुणी कुणी सांगतं.
प्राणिसंग्रहालयाच्या अकरा होत्या.
मोर, सांबर, साळिंदर, दोन दिवसांत उरकलं.
अक्षराला काय, मोर आणि माकड सारखंच,
वेलांटी नीट बसली की झालं.

बिबट्याच्या पाटीशी हात अडला.
साहेबांच्या कागदावर होतं:
मादी. नाव राणी.
आयुर्मान: जंगलात बारा वर्षं, पिंजऱ्यात वीस.
नैसर्गिक अधिवास: घनदाट अरण्य.

राखणीचा गौस चहा घेऊन आला. म्हणाला,
कसलं अरण्य, पेंटर?
पन्हाळ्याखाली तोड चालू होती,
पाचटात तीन पिल्लं घावली. दोन गेली.
हिला मी बाटलीनं पाजलंय,
गंगावेशीच्या कट्ट्यावरनं धारोष्ण आणून.
झाड म्हणून हिनं बघितलंय ते हे, सिमेंटचं.

साहेबांना विचारलं, ऊस लिहू का?
साहेब हसले.
शाळेची पोरं वाचतात हो, पेंटर.

अरण्य लिहिलं.
मग त्या वीसवर आलो.
बारा आणि वीस. आठ वर्षं वरची.
माझी आई शेवटची आठ वर्षं खाटेवर होती.
चांगलं सांभाळलंत, असं गल्ली अजून म्हणते.
तिला कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही. उशी तेवढी बदलत राहिलो.

गौस म्हणतो, सोडली तर मरंल.
खरं आहे.
फडात राहिली असती तरी कुणी ना कुणी मारलीच असती.
तेही खरं आहे.
रॉकेलमध्ये ब्रश बराच वेळ धूत बसलो.

मागच्या भिंतीवर जंगल काढा, म्हणाले.
कॅलेंडर बघून देवदार काढले, आपल्याकडं नसलेले,
आणि पार खालच्या कोपऱ्यात
कुणाच्या ध्यानात येणार नाही असा
चार कांड्या ऊस.
तिनं काही तो हुंगला नाही.
भिंतीकडं पाठ करून बसते ती,
गौसच्या चपला वाजायची वाट बघत.

सगळं झाल्यावर सवयीनं
पाटीखाली बारीक अक्षरात घातलं:
सुबराव पेंटर, कोल्हापूर.
शिवाजी पुलापर्यंत आलो आणि सायकलवरून उतरलो.
नाव तिचं, गजांवर.
खाली सही माझी.