दोन क्रेडिटचा विषय

गुरुवारी चारला क्लायपेदाच्या बंदरावर अंधार पडतो
आणि माझा तास सुरू होतो.
विषय दोन क्रेडिटचा, नाव मात्र वीतभर:
व्यवसाय-नियोजनाची कौशल्ये.
मुलं 'अर्जांचा तास' म्हणतात.
त्यांचं फारसं चुकत नाही.

आज फळ्यावर एक आडवी रेघ ओढली.
म्हटलं, ही तुम्ही.
या टोकाला शाळा,
त्या टोकाला जिथं पोचायचंय ते.
मध्ये काय काय शिकलात, भरा.

स्काइस्तेची रेघ वहीत मावेना,
ती बाकावर उतरली.
तिला नॉर्वेला जायचंय:
मासे सोलायला नाही, ते तिच्या आईनं केलं,
सोलणाऱ्यांचे हिशेब तपासायला.

तौतविदासनं रेघ मधोमध तोडली,
दोन बोटं मावतील एवढी.
"इथं काय लिहू?"
"काय होतं तिथं?"
"वडील."

क्रेन चालवायचे. एका सकाळी
उजवा हात दांड्यावरून घसरला तो घसरलाच.
मग दोन वर्षं हा घरी.

असल्या जागा मला भरता येतात,
पगारच त्याचा मिळतो.
औषधांच्या वेळा तू पाहायचास? वेळेचं व्यवस्थापन.
पेन्शनच्या कचेरीत भांडलास? वाटाघाटी.
रात्री तीनदा त्यांची कूस बदलायचास?
इथं मार्कर जरा अडखळला,
तरी मी लिहिलं: सातत्य.

तो निमूट उतरवून घेत होता.
मग म्हणाला,
"शेवटी शेवटी त्यांना वाटायचं, ते वर केबिनमध्येच आहेत
आणि मी खाली धक्क्यावर.
'वारा आहे, हळू घे,' म्हणायचे.
मी खिडकीशी उभा राहून हातानं खुणा करायचो,
डावीकडे, अजून थोडं, बस.
एकच कंटेनर आम्ही रोज उतरवला.
हे कशात बसतं, बाई?"

रेडिएटर खोकला.
कुणीतरी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

माझ्याकडे त्याचा तक्ता होता,
सहा रकाने, वर विद्यापीठाचा शिक्का.
मी तो पाहिला
आणि भलतंच बोलले:
माझ्या स्वतःच्या कागदावर
त्र्याण्णव ते शहाण्णव 'स्वयंरोजगार' आहे.
खरं म्हणजे बाजारात, बर्फात,
पोलंडहून आणलेले मोजे विकत उभी होते,
गणिताची पदवी पिशवीत तळाशी,
भिजू नये म्हणून मोज्यांतच गुंडाळलेली.
तीस वर्षं मी तो शब्द इतका छान बोलते
की कुणी पुढे विचारलंच नाही.

पोरं हसली. मोज्यांना हसली असावीत.
हसू दे.

सोमवारी कागद आले.
स्काइस्तेचा चकाचक, एक ठिपका इकडचा तिकडे नाही.
तौतविदासनं मी सांगितलेलं सगळं खोडलं होतं,
वाटाघाटीसुद्धा.
तुटलेल्या जागेत बारीक अक्षरात
दोनच शब्द:
विचारा, सांगेन.

नियमाप्रमाणे रकाना रिकामा सोडला
तर एक गुण जातो.
तो मी कापला.
आणि नीटनेटक्या अक्षराचा म्हणून
दुसरीकडे एक घातला,
त्याचं अक्षर तर
कोंबडीचे पाय.