ओव्हनमधली भांडी

फहाहीलच्या या फ्लॅटमध्ये सहा वर्षं
ओव्हन म्हणजे माझं भांड्यांचं कपाट.
बुडाला करपलेला कुकर, दोन कढया,
एक तवा, ज्याचा तुटलेला कान
मीच कामावरून डागून आणलेला.
दार उघडलं की सगळं एकदम अंगावर यायचं.

जानेवारीतल्या शुक्रवारी सकाळी गॅस संपला.
निळी ज्योत एक उचकी देऊन गेली.
सिलिंडर मिळणार नमाजानंतर, तोही मिळाला तर,
आणि परातीत धुऊन ठेवलेले
नऊ बटाटे.

मग भांडी काढून रेजीमोनच्या पलंगावर मांडली
(तो सुट्टीवर, कोट्टायमला).
ओव्हनच्या बटणावरचे आकडे
आधीच्या भाडेकरूंच्या बोटांनी पुसून नेलेले.

कामावर असं नसतं.
तिथं कागद असतो: पाइपचा जोड
सहाशे वीसवर न्या, तासभर तिथंच धरा,
मग घाई न करता उतरवा,
म्हणजे पोलादाच्या पोटातला ताण निघून जातो.
खाली माझी सही, तारीख.
इथं बटण अंदाजानं फिरवलं
आणि पुसल्या जागी कुठंतरी दोनशे असेल असं मानलं.

बटाटे हाइलचे, पिशवीवर तसं लिहिलेलं.
वाळूत पिकलेले, साल कशी गुळगुळीत,
धुतलं तेव्हा पाणीसुद्धा गढुळलं नाही.
आमच्या सातगाव पठारावरचा बटाटा
तीन पाण्यांनंतरही नखात राहायचा.
काढणीच्या दिवशी बांधावर गोवऱ्यांचा आर,
त्यात खुपसलेले बटाटे,
आणि पाठ करून बसलेली शेवंताआत्या.
काडी टोचून बघायची नाही ती.
म्हणायची, थांब, अजून बोलला नाही.

म्हणून मी ओव्हनच्या काचेला कान लावून बसलो,
चोपन्न वर्षांचा माणूस, फरशीवर, मोजे घालून.

बोलले नाहीत. धूर आला.
सहा वर्षांचं कढयांचं तेल
आतल्या पत्र्यावर साचलेलं, ते जागं झालं.
खिडकी उघडेपर्यंत दारावर थापा,
सब्री, आमच्या इमारतीचा हारिस,
एका पायात चप्पल, हातात वाळूची बादली.
‘हरीक?’
‘हरीक नाही रे बाबा. बटाटा.’
‘बटाटा?’
त्यानं वाकून पाहिलं, बादली खाली ठेवली, हसला.
याला बटाटा म्हणत नाहीत, हे बताटिस.
बताता वेगळं, गोड असतं, लांबट,
त्याचा बाप मन्सूराला हातगाडीवर भाजायचा,
गाडीला टिनची भट्टी, भट्टीला धुराडं,
धुराड्याच्या उबेला सब्री शाळेचा अभ्यास करायचा.
अच्छा, रताळं, मी म्हटलं.
रताळं, तो म्हणाला, जिभेवर ळ घोळवत,
तीनदा, आणि तिन्ही वेळा चुकला.

आणि तेवढ्यात आतून
बारीक, ओली शीळ.
सब्रीनं बोट वर केलं. मीही.
दोघांना कुणी शिकवलं होतं, ते
दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही.

साल तडकली, वाफेनं माझा चष्मा गेला.
मीठ, लसणाची लाल चटणी, कच्चं तेल.
सब्रीला चटणी झोंबली, डोळ्यांतून पाणी,
तरी हात पुढे. चौथा बटाटा
एका बाजूनं दगड निघाला,
कागद असता तर मी नापास केला असता.
तो आम्ही चमच्यानं कोरून खाल्ला.

जाताना दोन दिले.
त्यानं ते खाल्ले नाहीत,
जाकिटाच्या दोन खिशांत एकेक टाकला
आणि वर हात ठेवून जिना उतरला,
वारा होता खाली, समुद्रावरचा, हाडात शिरणारा.

संध्याकाळी सिलिंडर आला.
रेजीमोन मंगळवारी येतोय.
भांडी अजून त्याच्या पलंगावर आहेत,
कुकर उशीला टेकून.