येथून नाही

नकाशावर तपकिरी रेषा इतक्या जवळ आल्या होत्या
की एकीत एक मिसळून नुसता डाग उरला होता.
डागाच्या तळाशी निळा धागा, बिननावाचा.
सेमाडोहच्या अलीकडे जीप सोडली.
पाणी साडेचार लिटर, दोर तीस मीटर, भाकर, ठेचा,
आणि तुमला भिलावेकर,
ज्याला मी वाटाड्या म्हणून आणलं होतं.

तासाभराने कळलं, तोही इथं कधी उतरला नव्हता.
"खोऱ्यात कायले जाव? मध नाई, मासोळी नाई.
जनावर बी वरूनच वाकून पायते न् निंगून जाते."
हसला, आणि माझ्या पुढे चालू लागला.

पहिली वाट, म्हणजे माझ्या पेन्सिलीची,
बांबूच्या रांजीत अडकली.
वाळके बांबू आडवे-उभे, कुणी रागाने भिरकावल्यासारखे.
अर्ध्या तासात शंभर पावलं.
परत.

दुसरी सांबराच्या लेंड्यांमागे.
सांबराला उतार कळतो, पण चार पायांचा.
काळ्या कातळाची पायरी, मग मुरूम,
आणि मुरमावर पाय ठेवला की डोंगरच थोडा खाली सरकतो
आपल्याला न विचारता.
कढईच्या झाडाला मिठी मारून उभा राहिलो.
पांढरं, गुळगुळीत, थंड खोड.
त्रेपन्नाव्या वर्षी झाडाच्या गळ्यात पडलेला माणूस
तुमलानं पाहिला, तोंड फिरवलं,
कानावरची बिडी काढली,
वाळल्या गवताकडे बघून परत कानावर ठेवली.

तिसरीनं फसवलं. ती सोपी होती.
घळ, सावली, ओल्या दगडाचा वास,
अस्वलाची विष्ठा, तीत बोरांच्या आठळ्या.
आम्ही दोघं बोलायचे थांबलो, पोचल्यासारखे,
आणि जमीन संपली.

खाली, बरंच खाली, हिरवा डोह.
"दा," तुमला पुटपुटला.
त्याच्या बोलीत पाणी एका अक्षराचं.
त्यानं खडा सोडला.
मी मोजलं : एक, दोन, अडी
टप्.
दोर दुपदरी केला तर अर्ध्या हवेतच संपत होता.

कड्याच्या काठाला पाय सोडून भाकर खाल्ली.
पुढच्या महिन्यात बारा जण येणार, मी म्हटलं.
"मंग त्याईले हेच दाखवा. वरून."
डोहावर एक पाखरू आडवं गेलं;
पाखराची पाठ दिसली,
पाठ, पोट नाही.
पाखराला असं वरून मी कधी पाहिलं नव्हतं.

वहीत नोंद केली :
घळ तिसरी. कडा, सुमारे शंभर फूट. येथून नाही.
या वहीत असे 'नाही' एकोणीस झाले.

रात्री परतवाड्यात मोज्यांतली कुसळं उपटत बसलो होतो.
फोन वाजला. नुसता वारा, मग तुमला;
रेंजसाठी अंधारात कुठल्या तरी टेकाडावर चढलेला.
"सायेब, थे उंबराकळची बाजू
पायलीच नाई न आपुन."