सुटे भाग

ऑक्टोबरात पाणी काढायचं राहिलं.
एवढंच झालं होतं.
टाकीखालचं ते अंगठ्याएवढं बूच
वासिलनं फिरवायचं होतं, मी छतावर होते
चिकटपट्टी दाबत,
आणि दोघांनाही वाटलं, झालं.

मग यॉर्कटनच्या पूर्वेला, धान्याच्या कोठारामागे
ट्रेलर सहा महिने उभा राहिला
उणे अडतीसमध्ये,
पाठीवर बर्फ, पोटात पाणी.
गोठताना पाणी जागा मागतं.
कुणी दिली नाही तर
फोडून घेतं.

एप्रिलात फोनवर आम्ही एकदाच बोललो, पण बरंच:
आधी बूच, मग बापाचा ट्रॅक्टर,
मग आईच्या शेवटच्या दिवशी
कोण किती वाजता पोचलं.
मग तारेत नुसता वारा.

मे महिन्यात मी एकटीनं दार उघडलं.
उंदरांनी बाकाचा स्पंज उपसून
कपाटात बाळंतिणीची खोली केलेली.
बटण दाबलं, पंप गुरगुरला,
आणि पाणी आलं,
सिंकखालून, पलंगाखालून, भिंतीच्या फटीतून,
नळ सोडून सगळीकडून.

यादी केली. पंपाचं डोकं, तडा.
अर्ध्या इंची कोपरं, तीन.
आणि गरम पाण्याच्या टाकीतला तो दांडा,
टाकी गंजू नये म्हणून जो स्वतः गंजतो:
बाहेर काढला तर उरलेली नुसती तार,
कुरतडलेल्या कणसासारखी.
झिजणाऱ्याला सुवास असतो असं नाही.
ह्याला तर कुजक्या अंड्यांचा वास येत होता.

दुकानावर मोठी पाटी, सुटे भाग मिळतील.
आतला पोरगा म्हणाला, हे मॉडेल बंद झालं,
बाई, कंपनीही बंद झाली.
ज्या गावात होती त्या गावाचं नाव
त्याला वाचता आलं नाही.

रविवारी वासिलचा ट्रक आला.
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
पायरीवर खाकी पिशवी ठेवली:
हनात्युकच्या भंगारात
दुसरा कुणाचा तरी ट्रेलर उघडून
काढून आणलेला पंप,
पुसलेला. चक्क पुसलेला.

अडुसष्टाव्या वर्षी तो चिखलात उताणा झाला.
खालून फक्त हात बाहेर.
दहाचा पाना, म्हणाला.
दिला.
दहाचा, म्हटलं.
मी तेराचा दिला होता. मुद्दाम नाही.
बहुतेक.

मग आटे जुळेनात. तो जोर लावू लागला.
मी वाकले आणि बापाच्या आवाजात म्हणाले,
उलटं फिरव आधी,
टक् ऐकू येईपर्यंत मागे जा, मग पुढे.
खाली शांतता.
मग टक्.
मग सरसर, बोटानंसुद्धा फिरेल इतकं सोपं.

नळ बंद करून पंप लावला.
भरला, कण्हला, थांबला.
आता तो आपणहून पुन्हा वाजला
तर कुठेतरी गळतंय.
म्हणून ऐकत बसलो, उंदरांनी ठेवलेल्या बाकावर,
गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जागेत.
लांब कुठे तरी कुणी पेरणीचं यंत्र चालू केलं.
त्याच्या बाहीवर ग्रीस, माझ्या चहात उंदराचा केस,
मी तो काढला आणि चहा प्याले.

बावीस मिनिटांनी पंप वाजला.
एकदाच, घसा साफ केल्यासारखा.
वासिल बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला.
पलंगाखालचं कोपर असेल, म्हणाला.
असेल.
उद्या येतो.

मी यादी उलटून
मागच्या बाजूला लिहिलं: कोपर, एक.
त्यानं पेन्सिल मागून घेतली
आणि खाली, शाळेत काढायचा तसल्याच वाकड्या अक्षरात,
ऑक्टोबर, बूच.