खटखट

रात्री अकरानंतर हे हेडफोन लावतात.
मग दांडिया बाजारातल्या आमच्या दीड खोलीत
गाणं त्यांच्या कानांत,
आणि माझ्या वाट्याला
प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची नुसती खटखट.

एकवीस वर्षं ऐकतेय.
खटखटीवरून सांगते मी:
ही हींच, सहा मात्रांची.
हा डावा हात, बास.
हा ढोल, एकाच बोटाने.
हे चुकले. थांबले.
एक बटण. पुन्हा पहिल्यापासून.

त्या कीबोर्डची खिडकी काडेपेटीएवढी,
आत हिरव्या उजेडाच्या दोन ओळी:
ट्रॅक सात, बार अडतीस.
बाकीचं गाणं कुठे आहे ते
ध्यानात ठेवायचं,
अंधारात माठ कुठे आहे ते ठेवतो तसं.
ट्रॅक सोळाच. सतरावं काही सुचलं
की आधीच्या कुणाला तरी उठवायचं.

एकदा नवरात्राच्या तोंडावर लाईट गेली.
सेव्ह करायचं राहिलं होतं.
नवापैकी चार रात्री गेल्या.
हे जेवेनात. मी म्हटलं, मला आठवतंय,
आणि पोळपाटावर बोटांनी वाजवून दाखवलं.
असं नव्हतंच ते, म्हणाले.
पण बसले पुन्हा.

यंदा धवल पंचाल लॅपटॉप घेऊन आला.
‘काका, जुओ.’
गाणं पडद्यावर आडवं पसरलेलं,
रंगीत विटांचं,
मागचं पुढचं सगळं एकदम दिसतं.
चुकलेली वीट उचलायची, जागेवर ठेवायची.
शंभर ट्रॅक लावा, कोण विचारतंय.
पुसलेलंसुद्धा परत येतं.
आणि ढोल असा
की मी दाराशी जाऊन बघून आले.

खोटं कशाला बोलू, चांगलं आहे.
यांचा चहा दोनदा गार झाला.
कीबोर्ड आता कपाटावर, उशीच्या अभ्र्यात.
विकायचा नाही म्हणतात.
गिऱ्हाईकही नाही.

रात्री अकरानंतर आता
टिक.
मग बराच वेळ काही नाही.
टिक, टिक.
गरबा बांधताहेत
की लाईटबिल भरताहेत,
कळायला मार्ग नाही.

परवा राहवेना. विचारलं, कुठवर आलं?
यांनी हेडफोन काढून
माझ्या कानांवर ठेवला.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
सगळं जागच्या जागी होतं,
फक्त तिसऱ्या फेरीला ढोल
जरासा उशिरा पडत होता.
म्हटलं, ही वीट सरकलीय.

‘धवल सरळ करत होता. मी नको म्हटलं.
तिथे बायका वळतात,
ओढणी सावरतात.
तेवढा वेळ लागतो.’