चौथं अंडं

वसतिगृहामागच्या मुरमाड माळावर,
जिथं परीक्षा विभागाची जुनी कपाटं गंजत पडलीत,
टिटवीनं घरटं केलं. घरटं कसलं,
खडे सारून केलेली वाटीएवढी जागा.
तीन अंडी तिची.
चौथं आमचं.

प्लास्टरचं. दामिनीनं रंगवलं ते
तीन रात्री जागून,
ठिपके चुकले म्हणून दोनदा खरवडून.
पोटात सुईच्या टोकाएवढा तापमापक,
वायर मुरुमाखालून थेट कपाटाआड.
झोपे सर म्हणाले, फिकट झालंय.
मग म्हणाले, चालेल, पक्षी काही तोंडी परीक्षा घेत नाही.

ती आली. चोचीनं चारी अंडी फिरवली,
निमुळती टोकं आत,
आणि बसली.
मी नोंदवहीत लिहिलं: ६ वाजून ५२ मिनिटे. स्वीकार.
माझ्या प्रबंधाच्या आराखड्यावर हाच शब्द यायला
चौदा महिने लागले होते.

मे महिना. जळगावातली दुपार.
हवामान खातं पंचेचाळीस म्हणतं, मुरूम छप्पन्न.
या वेळी ती बसत नाही, उभी राहते अंड्यांवर,
पंख सैल सोडून, स्वतःची सावली करून.
मग पळत मेसच्या सांडपाण्याच्या डबक्याकडे,
छाती बुडवते, पोट बुडवते,
आणि थेंब सांडायच्या आत परत.
पडद्यावर रेघ खाली येते:
त्रेचाळीस, एकेचाळीस, अडतीस.
खोट्या अंड्याला खरा ओलावा कळतो
तो असा, दर वीस मिनिटांनी.

एकदाच धरली तिला, पहाटे.
रक्त तीन मिनिटांच्या आत घ्यायचं असतं,
पंखाखालच्या शिरेतून, दोन थेंब.
त्यानंतर रक्तात भीती उतरते,
मग आकडा तिचा राहत नाही, आपला होतो.
सुभान तडवी घड्याळ मोजत होता: एक चाळीस. दोन दहा.
माझ्या मुठीत काहीतरी इतकं जोरात धडधडत होतं
की खिशातला फोन थरथरला ते कळलंच नाही.
फैजपूरहून आई. नंतर लावला.
तिनं विचारलं, अजून किती वर्षं गं?
मी म्हटलं, दोन मिनिटं पन्नास सेकंद.

त्याच रात्री वीज गेली.
फ्रीझरमध्ये पूर्ण हंगामाचं रक्त,
त्याच कप्प्यात कोणाची तरी आइस्क्रीमची वाटी.
सुभान मोटारसायकलवर गेला,
रसवंतीवाल्याला उठवून गोणीभर बर्फ घेऊन आला.
पाठ ओली, शर्टाला उसाचा वास.
शिष्यवृत्ती तेव्हा सहा महिने थकली होती.
बर्फाचे पैसे कोणी दिले, अजून ठरलेलं नाही.

एकोणतिसाव्या दिवशी तिन्ही फुटली.
ओली पिल्लं तासाभरात वाळली, उभी राहिली,
आणि संध्याकाळपर्यंत सगळं बिऱ्हाड
तारेच्या कुंपणाखालून पलीकडे.
तिनं मागं पाहिलं का, दामिनीनं विचारलं.
तसा रकाना नव्हता.

सर म्हणाले, अंडं राहू द्या दोन दिवस,
नुसत्या उन्हाची रेघ मिळेल, तुलनेला.
पहिल्या दुपारी ती सरळ वर गेली. पन्नास. चोपन्न.
दुसऱ्या दुपारी सव्वादोनला
खाली आली.
त्रेपन्न, शेहेचाळीस, एकोणचाळीस.

आम्ही चौघं पडद्यावर वाकलो.
ती परत आली, सर म्हणाले, त्यांचा आवाज
मी तसा कधीच ऐकला नव्हता,
आणि सगळे अनवाणी असल्यासारखे पळत सुटलो.

माळावर पक्षी नव्हता.
अंड्यावर ओला पंचा, चारपदरी घडी केलेला.
बाजूला धुडकूबापू, रात्रपाळीचे राखणदार,
दिवसा झोपायचं सोडून उकिडवे बसलेले.

बापू, अहो ते प्लास्टरचं आहे.
माले ठाऊक शे, म्हणाले.
मग कशाला?

त्यांनी पंचा उचलला, डबक्यात बुडवला, पिळला नाही.
तीन भाऊ गेले होते त्यांच्या आधी,
म्हणून ते नाव, गावात सगळ्यांना माहीत.

मनी मायनी माले उकिरडावर टाकं व्हतं,
ते म्हणाले, मंग उचली लिधं.

पंचा परत ठेवला.
सरांनी घड्याळ पाहिलं, नोंद कर म्हणाले मला,
आणि काय करू ते सांगितलं नाही.