मुंगीला नको म्हणता येतं का

पहाटे सहाला पेनरिनच्या चर्चमागची झाडं
पानं गळूनही भरगच्च असतात.
कावळ्याहून लहान, मानेला राखुंडी फासल्यागत,
डोळा चांदीच्या टिकलीएवढा.
जॅकडॉ म्हणतात इथे.
लेकीकडे येऊन मला चौथा महिना.
झोप तशीही येत नाही. मी मोजतो.

शेजारच्या मॉर्वेना ट्रगियर बाई तीस वर्षं मोजतायत.
वहीत वेळ लिहितात, वारा लिहितात.
त्यांनीच सांगितलं: आधी एखादाच बोलतो.
मग दुसरा. मग ती फांदी, मग पलीकडची.
कालवा चढत जातो,
आणि एका पट्टीला पोचला की
अख्खं झाड एकदम उडतं,
कुणी शिट्टी न वाजवता.
आणि नाहीच पोचला तर?
तर थांबतात, म्हणाल्या. नाहीतर दोन-दोन, चार-चार जातात.
काही होत नाही.

काही होत नाही.
चौतीस वर्षांत हे वाक्य
मी वर्गात एकदाही उच्चारलं नव्हतं.

जिंतूरच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं मी,
वीस मार्कांचं, इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं.
राष्ट्र कसं घडतं? मुलांनो, मुंगी बघा.
मधमाशी बघा. मेंढरासारखं मागे जाऊ नका,
आणि रांग मोडू नका.
पंचाहत्तर साली तर भिंतीवर गेरूने काढूनच घेतल्या
सत्तर मुंग्या, एकीमागे एक,
तोंडं हेडमास्तरांच्या खोलीकडे.
सोपान खिल्लारे उभा राहिला, शेवटचा बाक:
"गुर्जी, मुंगीला नको म्हणता येतं का?"
वर्ग हसला. मी पट्टी उचलली.
हात पुढे कर म्हटलं, त्याने डावा केला.
उजव्याने लिहायचं होतं त्याला.

थंडीच्या तोंडावर मधमाशा नरांना
पोळ्याबाहेर लोटतात, हे मला माहीत होतं.
काही मुंग्या दुसऱ्यांची पिल्लं पळवून आणतात
आणि ती जन्मभर परक्या वारुळात राबतात,
हेही वाचलेलं.
परीक्षेला नव्हतं ते.

आज इथे मतदान. पालिकेची एकच जागा, रिकामी झालेली.
धुकं असं की चर्चचा मनोरा अर्धाच.
शर्वरी रात्रपाळीवरून थेट आली.
हॉलबाहेर रेलिंगला कुणाची कुत्री बांधलेली,
आत दोरीला पेन्सिल.
पेन्सिल? खोडली कुणी तर?
"नाही खोडत, बाबा."
मी तिचं बोट बघितलं, सवयीने.
शाई नव्हती.

वर आज जमेना.
एक टोक बोलायचं, दुसरं गप्प.
कालवा चढायचा, अर्ध्यावर उतरायचा.
सात-आठ उडाले, मागे कुणी गेलं नाही.
दोन जोड्या खाडीकडे.
एक अगदी एकटा, उलट्या दिशेला.
मी श्वास धरून बसलो,
आता त्याला कुणी टोचेल म्हणून.
मॉर्वेना बाईंनी वेळ लिहिली, पुढे एक रेघ ओढली,
थर्मासचं झाकण लावलं.

संध्याकाळी मुद्दाम गेलो.
सव्वापाचला परतले, तुकड्यातुकड्यांनी.
सकाळचा तो एकटा कोणता, ओळखू येईना.
फांदीवरून भांडणं जुंपली होती,
शिव्याच असाव्यात त्या,
आणि भांडता भांडता सरकत होते,
बोटभर, आणखी बोटभर.

सोपान आता साठी ओलांडलेला असेल.
कुठे असतो, माहीत नाही. पत्ता नाही.
तरी शर्वरीच्या टेबलावरची पेन्सिल घेतली,
टोक केलं,
आणि विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिलं:
प्रिय सोपान,
मुंगीचं मला अजूनही माहीत नाही.